बरणीतले ७.८ टक्के

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. दोन शनिवार रिलीजने खाल्ले, एक लग्नाने. (माझ्या नव्हे, उगाच अभिनंदन करू नका.) आज बसलोय ते मंगळवारी रात्री आलेल्या एका मेसेजमुळे. नाव-गाव गाळून तो असा होता:

"नमस्कार दादा. मी आपल्याच डिपार्टमेंटचा, फायनल इयर. तुमचा बीई प्रोजेक्ट रिपोर्ट लायब्ररीत वाचला. लिथियम अमाइड आणि लिथियम हायड्राइडच्या मिश्रणात तुम्हाला ७.८ टक्के आलेत. माझे ४.३ च्या वर जात नाहीयेत. सर म्हणतात तुझं मिलिंग नीट होत नाहीये. आतापर्यंत चौदा वेळा केलं. माझं काय चुकतंय, सांगू शकाल का?"

तीन दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही. बघितलेल्याच्या दोन निळ्या खुणा गेल्या होत्या, म्हणजे त्यालाही कळलं असणार. उत्तर मला माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत होतं म्हणूनच.

इथल्या नेहमीच्या वाचकांना मी जावावाला म्हणून माहीत आहे, पण माझी डिग्री मेटलर्जीची. आमच्या बॅचमधले निम्म्याहून जास्त लोक कॅम्पसमधून थेट आयटीत गेले, मीही गेलो. धातूंशी माझा शेवटचा खरा संबंध म्हणजे २०१८-१९ चा तो प्रोजेक्ट: बॉल मिलमध्ये दोन पांढऱ्या पावडरी घालायच्या, तासन् तास फिरवायच्या आणि त्यातून तापवल्यावर किती हायड्रोजन निघतो ते बघायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण थोडं थांबा. दर दोन-तीन महिन्यांनी "हायड्रोजनवर चालणारी गाडी" असा जो फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर येतो, त्याचं अर्धं दुखणं या दोन पावडरींत आहे.

हायड्रोजन वजनाला हलका, पण जागेला भयंकर महाग. एक किलो हायड्रोजन आपल्या खोलीच्या तापमानाला आणि दाबाला सुमारे १२ घनमीटर जागा घेतो. गाडीला बऱ्यापैकी पल्ला हवा तर पाचेक किलो लागतो, म्हणजे आमच्या फ्लॅटच्या दोन्ही बेडरूम काठोकाठ. टोयोटाने २०१४ च्या डिसेंबरमध्ये मिराई आणली तेव्हा यावरचा उपाय दांडगाईचा होता: कार्बन फायबरच्या टाक्या आणि ७०० बारचा दाब. (२०२२ च्या मार्चमध्ये गडकरी संसदेत ज्या गाडीतून गेले, ती हीच मिराई.) दुसरा उपाय जास्त शहाणा वाटतो. हायड्रोजन दाबू नका, एखाद्या घन पदार्थाला पिऊ द्या. स्पंज पाणी पितो तसे काही धातू हायड्रोजन पितात आणि हायड्राइड होतात. तापवलं की सोडतात. दाब कमी, टाकी छोटी, स्फोटाची भीती कमी. सगळं छान आहे, फक्त बहुतेक धातू स्वतः इतके जड की शंभर किलोच्या स्पंजात दीड-दोन किलोच हायड्रोजन मावतो.

म्हणून हलक्या मूलद्रव्यांचा शोध, आणि लिथियमपेक्षा हलका धातू नाही. इथे सिंगापूरची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्या प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर आम्ही ती अर्धी लिहिली होती.

१९९९ मध्ये नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरच्या पिंग चेन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये एक पेपर छापला. कार्बन नॅनोट्यूब्जमध्ये लिथियम घातलं तर त्या वजनाच्या २० टक्के हायड्रोजन घेतात, पोटॅशियम घातलं तर १४ टक्के. जगभर खळबळ. २० टक्के म्हणजे सगळा प्रश्नच सुटला की! पुढच्याच वर्षी अमेरिकेत राल्फ यांग यांनी तोच प्रयोग ओलावा काढून टाकलेल्या हायड्रोजनने केला, आणि आकडा दोन-अडीच टक्क्यांवर आला. बाकीचं वजन बरंचसं पाण्याचं होतं. लिथियम आणि पोटॅशियम गॅसमधला ओलावा पीत बसले होते, तराजूला काय कळणार की आत आलं ते एच-टू की एच-टू-ओ?

आपल्याकडे हा किस्सा इथेच संपला असता आणि "बघा, कसे तोंडावर पडले" म्हणून सांगितला गेला असता. पण त्याच गटाने २००२ च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये लिथियम नायट्राइडचा पेपर छापला, आणि तो टिकला. नायट्राइड दोन टप्प्यांत हायड्रोजन घेतं आणि शेवटी त्याचं अमाइड आणि हायड्राइडचं मिश्रण होतं. उलट दिशेने ते मिश्रण तापवा, हायड्रोजन परत. नायट्राइड हायड्रोजन घेतं हे १९१० मध्येच डाफर्ट आणि मिक्लाउझ यांनी नोंदवलं होतं. नव्वद वर्षं ते कागदात पडून होतं, साठवणूक म्हणून त्याकडे कुणी बघितलं नव्हतं. या एका पेपरवर नंतर शेकडो लोकांच्या पीएचड्या झाल्या. आणि आमचा एक बीई प्रोजेक्ट.

आता बॉल मिल. स्टीलची जाड बरणी, तिच्यात स्टीलचे छर्रे, झाकण घट्ट. प्लॅनेटरी मिलमध्ये खालची तबकडी एका दिशेला फिरते आणि तिच्यावरच्या बरण्या उलट दिशेला. छर्रे भिंतीवर आपटतात, पावडर मध्ये सापडते आणि चिरडते. आवाज असा की लॅब असिस्टंट काका सुरू करून सरळ चहाला जायचे. १९६६ मध्ये इन्को कंपनीच्या जॉन बेंजामिनने जेट इंजिनांसाठीच्या निकेलच्या मिश्रधातूकरता ही युक्ती वापरली, तेव्हापासून मेटलर्जीवाल्यांचं हे लाडकं यंत्र. इतकं साधं, की पेपरात त्याला एक ओळ मिळते: "मिश्रण अमुक तास मिल केले."

आणि माझं सगळं म्हणणं या एका ओळीबद्दल आहे.

ही दोन पावडरी नुसत्या चमच्याने ढवळून तापवल्या तर वेगळंच काहीतरी होतं. अमाइड स्वतःच फुटतं आणि अमोनिया सोडतं. अमोनियाचा रेणू शेजारी हायड्राइड भेटलं तर त्याच्याशी लगेच लागतो आणि हायड्रोजन सुटतो. हू आणि रुकेनस्टाइन यांनी २००३ मध्ये दाखवलं की ही दुसरी पायरी २५ मिलिसेकंदांच्या आत होते. आमच्या एपीआयचा रिस्पॉन्स टाइम याहून वाईट आहे. पण शेजारी हायड्राइड असायला तर हवं! कण मोठे असतील, अमाइडचा ढिगारा इकडे आणि हायड्राइडचा तिकडे असेल, तर अमोनिया मधल्या फटीतून निसटतो आणि हायड्रोजनबरोबर बाहेर पडतो. मिलिंगचं काम हे: दोन्ही कण इतके बारीक करायचे आणि एकमेकांत इतके मळायचे, की अमोनियाला पळायला वाटच राहू नये. हिरोशिमा विद्यापीठाच्या इचिकावा आणि सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास हे मिश्रण चिमूटभर टायटॅनियम क्लोराइड घालून मिल केलं. दीडशे ते अडीचशे अंशांच्या दरम्यान साडेपाच-सहा टक्के हायड्रोजन निघाला आणि अमोनिया जवळजवळ दिसला नाही.

म्हणजे इथे बरणी हे नुसतं भांडं नाही, ती रेसिपीचाच भाग आहे. आमची आजी मिक्सरमधली चटणी खायची नाही. तेच खोबरं, तीच मिरची, तोच लसूण, पण "पाट्यावरचीला चव असते" म्हणायची. आम्ही हसायचो. हसण्यासारखं काही नव्हतं. मिक्सर कापतो, पाटा-वरवंटा चेचतो, शिवाय मिक्सर तापतो. बॉल मिलचंही तेच. छर्रे किती, केवढे, पावडरीच्या किती पट वजनाचे, बरणी किती भरलेली, आरपीएम किती, मध्ये थंड व्हायला थांबलात का, स्टीलची बरणी की झिर्कोनियाची (स्टीलमधून लोखंड झिजून पावडरीत मिसळतं), आणि सगळ्यात महत्त्वाचं, बरणी भरताना आणि उघडताना आजूबाजूला आर्गॉन होता की पुण्याची हवा. यातलं काहीही बदललं की पदार्थ बदलतो. तीनशे आरपीएमवर दहा तास हा आकडा एका मिलवरून उचलून दुसऱ्या मिलवर नेता येत नाही. आमच्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतात. इथे ते शब्दशः खरं आहे.

आता आमची भानगड.

माझा पार्टनर पक्या. आमच्याकडे ग्लोव्ह बॉक्स नव्हता, प्लॅस्टिकची ग्लोव्ह बॅग होती. तिच्यात आर्गॉन सोडायचा, दोनदा फुगवून रिकामी करायची आणि आत हात घालून बरणी भरायची. गणपतीच्या आठवड्यात, दमट हवेत, आम्ही पहिला चांगला रन केला. बारा तास मिलिंग. बरणी उघडली आणि नाकात झणका गेला. नवसागर आणि चुना एकत्र चोळल्यावर येतो तसाच. पक्या म्हणाला, "अमोनिया! रिॲक्शन होतेय!" आम्हाला आनंद झाला. मुतारीचा वास आल्यावर आनंद झालेली ती जगातली बहुधा एकमेव जोडी असेल :)

लिथियम अमाइडला पाणी लागलं की लिथियम हायड्रॉक्साइड आणि अमोनिया होतो, हे आम्हाला दोघांनाही पाठ होतं. परीक्षेत लिहिलं असतं. वास घेताना आठवलं नाही.

मग पावडर कुपीत भरून, कुपी खिशात घालून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये टीजीएला. हे यंत्र नमुना तापवतं आणि त्याचं वजन किती घटलं ते सांगतं. काय निघून गेलं ते सांगत नाही. नमुना ताटलीत ठेवेपर्यंत दोन-तीन मिनिटं उघड्या हवेत. निकाल: ७.८ टक्के घट. रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं, "हायड्रोजन उत्सर्जन ७.८ टक्के."

आता कागद-पेन्सिल घ्या. एक भाग अमाइड, एक भाग हायड्राइड. रेणुभार २२.९६ अधिक ७.९५, म्हणजे ३०.९१. त्यातून सुटणार हायड्रोजनचा एक रेणू, २.०२. भागा. साडेसहा टक्के. देवाने येऊन मिलिंग केलं तरी साडेसहाच्या वर हायड्रोजन निघू शकत नाही, कारण तेवढाच आहे. उरलेला सव्वा टक्का कुठून आला? पाणी आणि अमोनिया. आणि हो, एक अमोनियाचा रेणू जवळजवळ साडेआठ हायड्रोजनच्या रेणूंइतका जड असतो. थोडासा निसटला तरी तराजूवर केवढा तरी हायड्रोजन निघाल्यासारखा दिसतो. म्हणजे जितकं मिलिंग वाईट, जितका नमुना ओला, तितका आमचा आकडा मोठा! त्या साडेसहापर्यंतच्या भागातही खरा हायड्रोजन किती होता, ते आज मला सांगता येणार नाही.

हे आम्हाला कळलं होतं का? इथे खरं सांगायला हवं. त्या सप्टेंबरात नव्हतं कळलं. मार्चमध्ये, कोरड्या हवेत, तोच प्रयोग परत केला तेव्हा पाच पूर्णांक काहीतरी आलं. तिसऱ्यांदा त्याहून कमी. तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर बसून हा वरचा भागाकार केला आणि दोघेही गप्प झालो. रिपोर्ट बाइंडिंगला द्यायला चार दिवस होते. सरांना विचारलं, तर त्यांनी "बेस्ट रन टाका, कॅटॅलिटिक इफेक्ट म्हणून डिस्कस करा" असं म्हणून विषय संपवला. सरांवर खापर फोडायचं नाहीये मला. त्यांच्याकडे आमच्यासारखे सात ग्रुप होते आणि डिपार्टमेंटमध्ये बाहेर पडलेला गॅस ओळखणारं एकही चालू यंत्र नव्हतं. टाइप मी केलं. तीनपैकी एक रन टाकला आणि "तीनपैकी" हा शब्द टाकला नाही. त्या प्रोजेक्टला बक्षीस मिळालं, रेझ्युमेवर एक ओळ आली, आणि पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत पॅनेलवरच्या बाईंनी "वा, हायड्रोजन!" म्हणून त्यावर पाच मिनिटं घालवली. माझं कोडिंग त्या दिवशी बेताचं झालं होतं.

त्या आकड्याच्या मागे आता एक मुलगा चौदा वेळा बरणी फिरवून बसलाय. त्याच्या डिपार्टमेंटला मधल्या काळात खरा ग्लोव्ह बॉक्स मिळालाय (विचारून घेतलं). त्याचे ४.३ बहुधा प्रामाणिक ४.३ आहेत. आणि त्याला सांगितलं जातंय की तुझं मिलिंग नीट नाही.

पक्याला फोन केला, तो बंगलोरला असतो. म्हणाला, "बीई प्रोजेक्टचं काय घेऊन बसलास? कोण वाचतं?" मी म्हटलं, हा एक वाचतोय. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे पण मोठमोठे लोक पण हेच करतात. सगळे बेस्ट रनच छापतात."

पक्याचं हे म्हणणं मला नीट घ्यायचंय, कारण त्यात तथ्य आहे आणि माझा राग तिथेच आहे. या क्षेत्रात टक्का हे एकच चलन झालंय. सगळे तो मोठा करायला बघतात आणि कशाचे टक्के हे कुणी विचारत नाही. पावडरीच्या वजनाचे की अख्ख्या टाकीच्या? मिराईच्या पहिल्या मॉडेलच्या टाक्यांसाठी टोयोटा ५.७ टक्के सांगते, आणि तो टाकीसकट आकडा आहे. आमची साडेसहा टक्क्यांची पावडर टाकीत घाला, तिच्यात तापवायच्या-थंड करायच्या नळ्या घाला, तर माझ्या अंदाजाने हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास उरेल. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१० साठी संपूर्ण यंत्रणेच्या ६ टक्क्यांचं लक्ष्य ठरवलं होतं. २००९ मध्ये ते गुपचूप नव्हे, रीतसर कागद काढून साडेचारवर आणलं. मला तो कागद आवडतो. लक्ष्य गाठलेलं नाही, हे लिहून दिलंय.

तापमानाचंही तसंच. २००४ पासून लिथियमच्या जोडीला मॅग्नेशियम घेतलेलं मिश्रण आलं. त्यात ५.६ टक्के मावतात आणि गणिताप्रमाणे ते ९० अंशांच्या आसपास हायड्रोजन सोडायला हवं. फ्युएल सेलच्या गरम पाण्यावर टाकी चालेल, अशी स्वप्नं पडली. प्रत्यक्षात बरी गती हवी तर दोनशे अंशांच्या जवळ जावं लागतं. २००९ मध्ये पिंग चेन यांच्याच गटाने, तोवर ते चीनमध्ये डालियनला गेले होते, थोडंसं पोटॅशियम हायड्राइड घालून ते १०७ अंशांच्या आसपास आणलं. उत्तम काम. पण बातमीत ९० यायचं की १०७ की २००, हे बातमी कोण लिहितो त्यावर ठरतं.

भरतानाची उष्णता तर कुणी मोजतच नाही. हायड्रोजन पिताना पावडर तापते, दर मोलला साधारण ४० किलोज्यूल. पाच किलो हायड्रोजन पाच मिनिटांत भरायचा तर तीनशे किलोवॅटहून जास्त उष्णता टाकीतून बाहेर काढावी लागेल. दीडशेहून जास्त गीझर एकदम लावल्यासारखं. पेट्रोल पंपावर, पाच मिनिटं! आणि अमोनिया? फ्युएल सेलच्या गाडीसाठी हायड्रोजनचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात अमोनियाला मुभा ०.१ पीपीएम. एक कोटीत एक. आम्ही तर तो नाकाने ओळखला होता.

म्हणून माझं मत असं: अमाइड-हायड्राइडच्या कुठल्याही बातमीत किंवा पेपरात टक्क्यांचा आकडा आला की पहिला प्रश्न मिलिंगचा विचारावा. कुठली मिल, कुठली बरणी, किती रन, बाकीच्या रनचं काय झालं, आणि निघालेला गॅस कुणी ओळखला का. आम्ही सॉफ्टवेअरवाले कॉन्फिग फाईल आणि लॉगशिवाय बग रिपोर्टसुद्धा घेत नाही. तिथे "बारा तास मिल केले" एवढ्यावर दुसऱ्याचं वर्ष जातं. नापास रनही रिपोर्टमध्ये हवेत. निदान कॉलेजच्या रिपोर्टमध्ये तरी, तिथे कुणाचं ग्रँट बुडणार आहे?

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो एका पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, "तुझा लॉग फुकट तयार होतो. माझा एक रन म्हणजे एक दिवस, आर्गॉनचा सिलिंडर आणि यंत्राच्या रांगेत दोन आठवडे. तिसऱ्यांदा कर म्हणणं सोपं असतं." बरोबर आहे. गॅस ओळखायचं यंत्र, दाब मोजून हायड्रोजन ठरवायची उपकरणं, ही महागडी असतात आणि वजनाचा काटा सगळीकडे असतो. म्हणून सगळे वजन मोजतात. पण मग "वजन घटलं" असं लिहा ना. "हायड्रोजन निघाला" कशाला लिहिता? हे लिहायला यंत्र लागत नाही. केंद्राने २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले. त्यातली थोडी रक्कम अशा कंटाळवाण्या मोजमापाच्या यंत्रांवर आणि ती चालू ठेवणाऱ्या माणसांवर गेली, तर मला नव्या कुठल्या पदार्थापेक्षा जास्त आनंद होईल.

कुणी म्हणेल, मग हे सगळं फुकट का? तसं मला अजिबात वाटत नाही. खासगी गाड्यांची शर्यत बॅटरीने मारली, हे आता मान्य करायला हरकत नाही. पण वजन आडवं येत नाही तिथे हायड्राइड आजही कामावर आहे. जर्मनीच्या २१२ प्रकारच्या पाणबुड्यांमध्ये फ्युएल सेलचा हायड्रोजन धातूच्या हायड्राइडमध्येच असतो, पाणबुडीला वजन हवंच असतं. आणि आमच्या लिथियमच्या पावडरींची मजा अशी की ज्या अमोनियाने सगळ्यांना छळलं, त्यालाच पकडून २०१७ मध्ये डालियनच्या त्याच गटाने दाखवलं की लिथियम हायड्राइड जोडीला असलं तर नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला अमोनिया बनवता येतो. खताचा अमोनिया! १९९९ चा २० टक्क्यांचा पेपर ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्याच नावावर हेही आहे. पहिली चूक उघड्यावर दुरुस्त झाली म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही.

तर काल, शुक्रवारी रात्री, त्याला उत्तर लिहिलं. चार वेळा खोडून. तुझं काही चुकत नाहीये, आमचं चुकलं होतं. साडेसहाचा भागाकार लिहून दिला. सप्टेंबर आणि मार्चचं सांगितलं. तीन रन होते हे सांगितलं. तुझ्या सरांना हा मेसेज जसाच्या तसा दाखव, माझा नंबर दे, म्हटलं. मग लिंक्डइनवर जाऊन ती ओळ काढली, सात वर्षांत तिथे एवढी एकच गोष्ट मी कमी केलीय.

सकाळी त्याचं उत्तर आलं होतं. मला वाटलं होतं चिडेल. लिहिलं होतं, "थँक यू दादा. म्हणजे ४.३ बरोबर असू शकतात ना? मग मी ते तसेच टाकू?" आणि खाली, "तुमच्या मार्चच्या रनचा डेटा आहे का? तो माझ्या आकड्याच्या जवळ जाईल असं वाटतंय."

डेटा पेनड्राइव्हवर होता, तो कधीच मेला. पण रनची वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची, साताऱ्याला माळ्यावरच्या ट्रंकेत. आईला फोन करून काढायला सांगितलीये. ती म्हणते बाबा झोपून उठल्यावर शिडी लावतील.